तिसरं अक्षर

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी घरातले रेडिएटर पहिल्यांदा तापतात. उन्हाळाभर त्यांच्यावर बसलेली धूळ जळते आणि घरभर एक करपट, कोमट वास पसरतो. ब्रिस्टलमध्ये मला एकतीस वर्षं झाली. पानं गळणं, घड्याळं तासभर मागे जाणं, शेजाऱ्यांनी भोपळे कोरून पायरीवर मांडणं, हे सगळं होतच असतं. पण माझ्यापुरता शरद त्या करपट वासानं सुरू होतो. आणि गेली चौदा वर्षं त्याच्या मागोमाग आणखी एक वास येतो, नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा. तो घरात कुठेच नसतो. माझ्या नाकातच त्यानं मुक्काम ठोकलाय, आणि तो आला की चहासुद्धा कडू लागतो.

यंदा तो आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर एका लिलावाची यादी बघत होते. ऑक्टोबर हा आम्हा जुनी भांडी जमवणाऱ्यांचा सुगीचा महिना. लोक उन्हाळ्यात म्हाताऱ्यांची घरं रिकामी करतात आणि शरदात त्या घरांमधली कपाटं लिलावाला येतात. बोटानं यादी सरकवत जायचं आणि निळं-पांढरं काही दिसलं की थांबायचं, ही माझी जुनी खोड. त्या सकाळी बोट थांबलं ते एका कोळ्यावर. नदीकाठी बसलेला, चिनी टोपी घातलेला कोळी. हातात गळाची काठी, आणि काठीला दोरीच नाही. चितारणारा दोरी काढायला विसरला होता. कोळ्याला मी लगेच ओळखलं, कारण सहा वर्षं तो माझ्या भिंतीवर होता. फोटो फक्त समोरून काढलेला. खाली नेहमीचं वर्णन: कडेला टवका, एक जुनी चीर. आणि शेवटी एक ओळ: पाठीवर नंतरच्या काळातल्या लाल रंगाच्या खुणा.

मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. म्हणजे त्या थाळीवरही होत्या. म्हणजे एक शिल्लक होती.

ही भांडी म्हणजे काय, हे मी आजवर इतक्या पाहुण्यांना सांगितलंय की अविनाश, माझा नवरा, मी तोंड उघडलं की चहा ठेवायला उठतो. डेल्फ्ट हे गाव हॉलंडमधलं. पण मी जमवते ती डेल्फ्टची भांडी इंग्लंडात घडलेली, अडीच-तीनशे वर्षांपूर्वीची, आणि त्यातली बरीचशी याच शहरातली. हौस होती चिनी मातीच्या भांड्यांची. ती परवडेनात, म्हणून इथल्या कुंभारांनी साध्या भरड मातीवर कथलाचा पांढरा लेप चढवला आणि त्यावर निळ्या रंगानं, कधी न पाहिलेला चीन आपल्या मनानं काढला. माती इंग्लंडची, रूप चीनचं आणि नाव डच गावाचं. तरी लोक त्यांना अभिमानानं इंग्लिश म्हणतात. मला ही भांडी पहिल्यापासून घरची वाटली, कारण नाव एकाचं दिलेलं, रूप दुसऱ्याला आवडेल असं आणि आतली माती तिसरीकडची, अशी एक बाई त्या घरात आधीपासूनच राहत होती.

सुरुवात झाली कोथिंबिरीपासून. ब्रिस्टलच्याच ब्रिस्लिंग्टन भागात हे घर घेतलं त्या वर्षी मागच्या अंगणात वाफा खणताना एक खापरीचा तुकडा वर आला. अंगठ्याएवढा, एका बाजूनं पांढरा, त्यावर निळ्या रंगाचं अर्धं पान. या भागात एके काळी कुंभारांच्या भट्ट्या होत्या, हे मला शेजारच्या म्हातारबाबांनी सांगितलं. कोथिंबीर कधी नीट उगवली नाही. तुकडे मात्र निघत राहिले. मग पहिली थाळी घेतली, मग दुसरी, आणि मग शनिवार-रविवार जुन्या बाजारांत जायला लागले. या भांड्यांचा लेप कच्चा असतानाच चित्र काढावं लागतं. लेप रंग लगेच पिऊन टाकतो. एकदा कुंचला टेकला की टेकला, खोडता येत नाही. म्हणून कोळ्याची दोरी राहिली ती राहिलीच. मला त्या न खोडता येण्याचं फार कौतुक होतं.

माझा पेशा पॅथॉलॉजीचा. आयुष्यभर मी काचेवरच्या पेशी बघत बसले आणि बारीक बघण्याचा पगार घेतला. आमच्या लॅबमध्ये नाव नसलेला नमुना कोणी हातात घेत नाही. आधी चिठ्ठीवरचं नाव वाचायचं, मग कागदावरचं, मग पुन्हा चिठ्ठीवरचं, आणि मगच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचे. नाव न वाचता केलेलं निदान हे निदान नसतं, असं माझं एक वाक्य होतं. निवृत्तीच्या पार्टीत त्यांनी ते केकवर लिहून आणलं होतं.

आता माझ्या नावाबद्दल. कराडला माझं लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरले होते, आणि अविनाशनं अंगठीनं त्यात नाव लिहिलं, वैदेही. नाव सासूबाईंनी काढलेलं. मी शुभदा. डॉक्टर झालेली, सव्वीस वर्षांची बाई मी, हसऱ्या चेहऱ्यानं ते नाव वाचून दाखवलं. पेढे वाटले गेले, कोणीतरी हातानं तांदूळ सारखे केले आणि ते डब्यात परत गेले. मी तेव्हा काही बोलले नाही. न बोलता एखादी गोष्ट किती वर्षं जपून ठेवता येते याचा मला तेव्हा अंदाज नव्हता.

पासपोर्टवर, पदवीवर, हॉस्पिटलच्या दारावर मी शुभदाच राहिले. कराडच्या घरात वैदेही. अविनाश इथे मला शुभा म्हणतो. पण आईचा फोन आला की तोच माणूस दुसऱ्या श्वासाला म्हणायचा, “वैदेही, आईशी बोल.” इकडे विमानांचे पंख बनवणाऱ्या कारखान्यात मान वर करून वावरणारा इंजिनिअर, पण कराडचा नंबर दिसला की त्याची मान आपोआप खाली. मला त्याची चीड यायची, आणि ती त्याच्यावर न निघता सासूबाईंवर निघायची, जशी आपल्याकडे निघते.

चौदा वर्षांपूर्वी त्या इथे आल्या. इतरांचे आई-वडील मे-जूनला येतात, फुलं बघतात, समुद्रकिनारी आइस्क्रीम खातात आणि थंडीच्या आत परत जातात. सासूबाईंचे कागद कुठेतरी अडकले, व्हिसा उशिरा आला आणि त्यांच्या वाट्याला ऑक्टोबर आला. नऊवारीवर अविनाशचा स्वेटर आणि पायात त्याचेच मोजे घालून त्या खिडकीशी बसायच्या. भर दुपारी ढगांनी अंधारायला लागलं की घाबऱ्या व्हायच्या. रस्त्यावर पडलेली चेस्टनटची चकचकीत तपकिरी फळं त्यांना रिठ्यांसारखी वाटली. त्यांनी ओटीत भरून आणली, ठेचून गरम पाण्यात टाकली, आणि खरोखर फेस आला. त्या दिवशी त्या इतक्या खूष होत्या की अविनाशच्या दोन बनियन त्यांनी त्या पाण्यात धुतल्या. मी हॉस्पिटलमधून आले तर बादली दाखवायला उभ्या. मी म्हणाले, आई, वॉशिंग मशीन आहे हो. त्यांनी बादली ओतून दिली. हे आता आठवतं. तेव्हा यात आठवण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

थाळ्या त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होत्या. सगळ्या टवके गेलेल्या, चिरा पडलेल्या, आणि तरी भिंतीवर मानानं टांगलेल्या. घरात फुटकं भांडं ठेवू नये हे त्यांनी एकदाच, तेही भिंतीकडे बघत सांगितलं. पण एक थाळी त्यांना आवडली. ती लग्नाची थाळी होती. असल्या थाळीवर मधोमध तीन अक्षरं असतात: वर आडनावाचं, खाली डावीकडे नवऱ्याचं, उजवीकडे बायकोचं, आणि तळाशी साल. कोणाची अक्षरं ते शोधायला मी त्याआधीचे दोन हिवाळे चर्चच्या जुन्या नोंदवह्या पालथ्या घातल्या होत्या. बायकोचं नाव मेरी, मार्था की मार्गारेट यावर माझी झोप उडायची. सासूबाईंनी विचारलं, ही अक्षरं कशाला? मी म्हटलं, नाव असलं की थाळीचं मोल वाढतं, आई. बिननावाच्या थाळीला कोणी विचारत नाही.

त्यांनी बराच वेळ त्या थाळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “बायकोचंही अक्षर घालायचे?”

“हो. तिचं स्वतःचं.”

“म्हणजे माहेरचं?”

मी म्हटलं, इकडे आडनाव बदलतं, पण पाळण्यातलं नाव कोणी बदलत नाही. हे मी मुद्दाम म्हटलं, टोचावं म्हणून. त्यांना टोचलं की नाही कळलं नाही. पुढच्या लिलावाची यादी माझ्या मांडीवर उघडी होती, मी पानं उलटत होते. त्या म्हणाल्या, “माझं माहेरचं नाव चंपा. इकडे आले आणि सुमित्रा झाले. आता चंपा म्हणणारं कोणी उरलं नाही.” मी हं म्हटलं. एका ब्रिस्टलच्या वाडग्याचा फोटो मला खटकत होता, त्याचा निळा जरा जास्तच निळा होता. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुला तुझ्या नावानं बोलवावंसं वाटतं का गं अजून?”

“मी ते कधी सोडलंच नाही, आई. तुम्ही सोडलंत.”

एवढंच. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही आणि मीही नाही.

मग कोजागरी आली. इथल्या मराठी मंडळानं हॉल घेतला होता, सगळ्यांनी एकेक पदार्थ न्यायचा. अशा ठिकाणी परतताना डबे हमखास बदलतात, म्हणून इथल्या बायकाही डब्याच्या बुडाला नेलपॉलिशनं आपलं अक्षर काढून ठेवतात. आमच्या टोपाला खूण नव्हती. मसाल्याचं दूध संपलं आणि टोप कोणाबरोबर तरी गेला तो गेलाच. मला त्याचं काही नव्हतं. सासूबाईंच्या जिवाला लागलं. त्यांच्या घरात चमच्यापासून पाण्याच्या पिंपापर्यंत प्रत्येक भांड्यावर ठोकून नाव घातलेलं, कोणी कोणाला कशाबद्दल दिलं ते सगळं. माझ्या घरात एका भांड्यावर नाव नाही हे त्यांनी गाडीत दोनदा म्हटलं. मी गाडी चालवत होते. नुसती मान हलवली.

ज्या बाई दारापर्यंत एकट्या जात नव्हत्या, त्या दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एकट्या गेल्या. हे मला नंतर त्या दुकानातल्या मुलीनं सांगितलं. तुझ्या सासूबाई गोड आहेत, म्हणाली. आपलं नख दाखवून त्यांनी सगळ्यात लाल बाटली मागितली. मी तेव्हा हसून हो म्हटलं होतं. घरी येऊन मी काय करून बसले होते ते तिला कुठे माहीत होतं.

मी संध्याकाळी सहाला घरी आले. रेडिएटर नुकतेच तापायला लागले होते. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यावर माझ्या तेवीस थाळ्या पालथ्या, ओळीनं, वाळत घातलेल्या. प्रत्येकीच्या पाठीवर तीन लाल अक्षरं. सासूबाई शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, लग्नघरात रुखवत मांडून बाई बसते तशा. वरचा जा मी पाहिला, जाधवांचा. खाली डावीकडे अ. उजवीकडचं तिसरं अक्षर मी वाचलं नाही. ते वै असणार हे मला माहीतच होतं. इतकी वर्षं मला दुसरं काय म्हटलं होतं त्यांनी?

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहवत नाही. जे सर्वांत वाईट ते लिहिते, कारण ते माझ्या कानातून जात नाही. “ताटातल्या तांदळात माझं नाव पुसलंत ते पुरलं नाही का, आई? आता माझ्या वस्तूंवरही तुमचंच?”

त्या म्हणाल्या, “वाचलंस का पण?”

“वाचायचंय काय त्यात?”

जुन्या दुरुस्त्यांचा डिंक काढायला लागतो म्हणून नेलपॉलिश पुसायच्या औषधाची मोठी बाटली कपाटात असायचीच. मी कापसाचे बोळे भिजवले आणि उभ्या उभ्या एकेक थाळी पुसायला लागले. जुन्या लेपाला बारीक भेगा असतात, त्यात रंग मुरला तर थाळी वाया जाते, म्हणून घाई करावी लागते. घाई करायला कारण मिळालं की माणसाला बघावं लागत नाही. बोळे लाल होत गेले, टेबलाखालची टोपली भरत गेली. तेवीस वेळा ते अक्षर माझ्या हाताखालून गेलं. तेवीस वेळा मी बोळा आधी त्याच्यावरच टेकवला असणार, कारण राग त्याच्यावरच होता. सासूबाई समोर बसून बघत होत्या. अविनाश गॅरेजमधून आला, दारात थांबला, आणि परत गॅरेजमध्ये गेला.

अख्खं काम दीड तासात झालं. एकाही थाळीवर कणभर लाल राहिलं नाही. तेव्हा मला हातखंडा कामाचा अभिमानसुद्धा वाटला होता, हे कबूल करते.

कोळ्याची थाळी त्या टेबलावर नव्हती. तिचा सौदा आधीच ठरला होता, ती वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्याखाली ठेवलेली होती आणि त्या रविवारी व्यापारी येऊन ती तशीच घेऊन गेला. सासूबाईंनी तीही उलगडून, नाव घालून, पुन्हा जशीच्या तशी गुंडाळून ठेवली असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. इतकी नीट गुंडाळली होती की मला शंकाही आली नाही.

त्यांनी तिकीट अलीकडे आणायला सांगितलं. पाय दुखतात, थंडी सोसवत नाही, असं कारण. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सांभाळून राहा गं.” नाव घेतलं नाही. त्यानंतरच्या तेरा वर्षांत त्यांनी मला एकदाही वैदेही म्हटलं नाही. शुभदाही नाही. फोनवर नुसतं अगं. अगं, थंडी पडली का? अगं, त्याला खोकला आहे का? मी धरून चालले होते की हा रुसवा आहे. एवढ्याशा गोष्टीचा केवढा रुसवा, असं मी अविनाशला सुनावायचे. तो काही बोलायचा नाही. त्याचं न बोलणं हे एक वेगळंच भांडं आहे, त्याला अजून टवका गेलेला नाही.

या फेब्रुवारीत त्या गेल्या. आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तेराव्यानंतर नणंद सुनीता कपाटातून एक तांब्या घेऊन आली. छोटा, पितळेचा, कडेला पोचा आलेला. “वहिनी, हा तुम्हाला द्यायला सांगितलाय आईनं,” ती म्हणाली. “देताना सांग म्हणाली, नीट वाच म्हणावं.” मी उजेडात धरला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं एकच नाव होतं. चंपा. ना आडनाव, ना कोणाकडून, ना कशाबद्दल. लग्नाआधी त्यांच्या आईनं घातलेलं असणार. त्या घरातल्या शेकडो भांड्यांत त्यांच्या स्वतःच्या नावाचं ते एकच भांडं, आणि ते त्यांनी आपल्या मुलीला दिलं नाही, मला दिलं.

सुनीतानं विचारलं, काही खास आहे का त्यात? मी नाही म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. रडताना मला त्यांची आठवण येत नव्हती. मला तिसरं अक्षर आठवत नव्हतं, म्हणून रडत होते.

तेव्हापासून मला एवढीच एक गोष्ट हवी आहे. त्यांनी काय लिहिलं होतं? वै लिहिलं असेल, तर माझा राग खरा होता, आणि त्या रागासकट मी जगू शकते. शु लिहिलं असेल, तर एका बाईनं मला माझं नाव तेवीस वेळा परत दिलं आणि मी ते तिच्यासमोर तेवीस वेळा पुसलं. वाचलंस का पण, असं तिनं विचारलंही होतं. मी अविनाशला विचारलं, तू दारातून पाहिलं होतंस ना, काय होतं? तो म्हणाला, “आय ऑनेस्टली डिडन्ट लुक, शुभा. मी तुझ्याकडे बघत होतो.” मग म्हणाला, “आणि तू आता हे सोड. इट वॉज अ लाँग टाइम अगो.” त्याच्यासाठी असेल. मला अजून तो कापूस बोटांत जाणवतो.

म्हणून कोळी. लाल खुणा असलेली, या जगातली एकुलती एक थाळी. मी लिलाववाल्यांना एक ओळ लिहिली असती तर त्यांनी पाठीचा फोटो दहा मिनिटांत पाठवला असता. मी लिहिली नाही. ज्या वस्तूवर जीव आहे तिची चौकशी करायची नाही, हा आमच्या छंदातला पहिला धडा. कोणाला तरी हवीय असा सुगावा लागला की ती हातची गेली समजा. वीस वर्षं मी हेच करत आले, आवडत्या थाळीकडे पाठ करून उभी राहायची आणि नको असलेल्या थाळीबद्दल प्रश्न विचारायची. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. फोनच्या काचेवर ते अक्षर बघायचं नव्हतं मला. हातात घेऊन, उलटी करून, खिडकीशी नेऊन बघायचं होतं, एकदा तरी रीतसर.

लिलाव गुरुवारी होता. मी जेवणाच्या टेबलाशी बसून, त्याच टेबलाशी, फोनवरून बोली लावली. दुसरं कोणीतरी थोडा वेळ माझ्यामागे लागलं होतं, मग गळालं. थाळी माझी झाली. तेव्हा अविनाश वर्तमानपत्रामागून म्हणाला, “हॅपी?” मी म्हटलं, शनिवारी आणायला जाऊ. त्यानं तेवढं मनावर घेतलं, तेलपाणी बघितलं, सकाळी लवकर उठला.

शनिवारी झिमझिम पाऊस होता. विल्टशरमधलं छोटं गाव, रस्त्यावर ओल्या पानांचा चिखल, आणि लिलावाच्या गोदामात जुन्या लाकडाचा आणि कुत्र्याचा वास. तिथले गृहस्थ मला पंधरा वर्षं ओळखतात. वयस्कर, सभ्य, टायची गाठ नेहमी थोडी वाकडी. अविनाश गाडीतच थांबला. मी पैसे भरले, त्यांनी आतून खोकं आणलं, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमधून कोळी बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. टवका तोच, चीर तीच, काठीला दोरी नाहीच. मी खिडकीशी गेले आणि थाळी उलटी केली.

पाठ पांढरी होती. करडट पांढरी, बारीक भेगांची, स्वच्छ.

मी पुन्हा समोरून बघितलं, पुन्हा उलटी केली. ते माझ्याकडे बघून हसले, एखाद्याला भेट आवडली की नाही हे बघताना हसतात तसे. म्हणाले, “मागे कोणीतरी लाल रंगात काहीतरी गिरगटलं होतं, डॉक्टर. तुम्ही घेतलीत असं कळलं तेव्हा म्हटलं, या बाई पाठीबद्दल किती काटेकोर आहेत. आमच्या दुरुस्तीवाल्या बाईंनी काल बसून सगळं काढलं. दिव्याखाली धरून बघितलं, एक कण नाही राहिला. आमच्याकडून भेट समजा.”

मी विचारलं, काढण्याआधी फोटो घेतला होता का? नाही, म्हणाले, पाठीचे फोटो आम्ही मागितल्याशिवाय घेत नाही. मी विचारलं, काय लिहिलं होतं, आठवतंय? खाली, उजव्या बाजूला, कसं दिसत होतं? त्यांनी खरोखर प्रयत्न केला. डोळे बारीक करून छताकडे बघितलं, हवेत बोटानं काहीतरी काढलं, आणि मान हलवली. “सॉरी,” ते म्हणाले. “तीन अक्षरं होती बहुतेक. कुठल्या तरी परक्या लिपीतली. मी काही नीट बघितलं नाही.”

त्यांना काय बोलणार? मीही बघितलं नव्हतं, आणि मला ती लिपी वाचता येत होती. काम उत्तम झालं होतं. मी स्वतः केलं असतं तर याहून चांगलं झालं नसतं. त्यांनी थाळी पुन्हा गुंडाळली, खोक्यावर चिकटपट्टी लावली आणि चिकटपट्टीवर पेननं माझं नाव लिहिलं, मिसेस जाधव. मग दारापर्यंत येऊन माझ्यासाठी दार उघडून धरलं. बाहेर अविनाशनं गाडी सुरू केली होती. मी त्यांना थँक यू म्हणाले.